ज्या कामाची विचारणा होत नाही, ते काम आधी



परिपाठाच्या फळ्यावर वर्षातून चार-पाच वेळा तरी वेळेवरचा सुविचार येतो. मुलं तो एका सुरात म्हणतात. आणि खरं सांगू का, त्याच वेळी बाजूला उभी राहून मी मोबाईलवर केंद्राच्या ग्रुपवरचा मेसेज वाचत असायचे. 'खालील माहिती आज १२ वाजेपर्यंत सादर करावी. अत्यंत तातडीचे.' कितीतरी वर्षं माझा दिवस असाच सुरू व्हायचा. तुमच्यापैकी अनेकांचा आजही होत असेल.

वेळेच्या नियोजनावर मी लिहिते आहे, ते मला ते फार छान जमतं म्हणून नाही. यादी करण्याची सवय मात्र मला डी.एड.पासूनची. रोज रात्री भांडी आवरून झाली की उद्याची कामं डायरीत लिहायची, झालेल्या कामापुढे बरोबरची खूण करायची, राहिलेलं दुसऱ्या दिवशीच्या पानावर उतरवायचं. केंद्रातल्या बाई मला म्हणायच्या, "तुमचं बरं आहे, तुमचं सगळं वेळच्या वेळी असतं." मलाही तसंच वाटायचं. मग एका सप्टेंबरमध्ये ते वाटणं संपलं.

आमची शाळा सोलापूर जिल्ह्यातली, वस्तीवरची, द्विशिक्षकी. पहिली ते चौथी, त्या वर्षी पट ३८. पहिली-दुसरी सरांकडे, तिसरी-चौथी माझ्याकडे, आणि मुख्याध्यापकाचा पदभारही माझ्याकडेच. चौथीतली एक मुलगी दोन दिवस गैरहजर होती. तिसऱ्या दिवशी तिची आई तिला घेऊन आली आणि वर्गाच्या दाराशीच उभी राहिली. झालं होतं असं : आजीला दवाखान्यात दाखवायला मुलगी सोबत म्हणून सोलापूरला गेली होती. आजीला लिहिता-वाचता येत नाही. परतताना स्टँडवर आजीने नातीला विचारलं, ही गाडी मोहोळची का? पाटीवर पहिलं अक्षर 'म' होतं. नात हो म्हणाली. दोघी बसल्या. गाडी मंगळवेढ्याची होती. कंडक्टरने तिकीट काढताना सांगितलं तोवर गाडी शहराबाहेर पडली होती. भर दुपारी रस्त्यावर उतरून, गुडघे धरलेली ती म्हातारी तेवढं अंतर परत चालली.

आई भांडायला आली नव्हती. ती फक्त म्हणाली, "बाई, चौथीत हाय की वो ती. गाडीची पाटी वाचाय येत न्हाई व्हय तिला?"

मुलगी मान खाली घालून उभी होती. मला उत्तर माहीत होतं. जूनमध्येच मी तपासलं होतं. वर्गात तीन मुलं अशी होती की ज्यांना सुटी अक्षरं यायची, पण काना-मात्रा आल्या की गाडी अडायची. ही मुलगी तर हुशारीने सगळं झाकायची. पुस्तकातले धडे तिला ऐकून ऐकून पाठ होते. वर्गात सामूहिक वाचन चालू असलं की तिचा आवाज सगळ्यात मोठा. पान उलटायचं कधी हेसुद्धा तिला ठाऊक. शेजारच्या मुलाचं पान उलटलं की हिचंही उलटायचं.

त्या रात्री मी डायरी काढली आणि जूनपासूनची पानं चाळली. पहिल्या आठवड्यापासून जवळजवळ प्रत्येक पानावर एक ओळ होती : 'वाचन – तिघे.' माझ्याच अक्षरात, रोज लिहिलेली. आणि जवळजवळ प्रत्येक पानावर ती ओळ बिनखुणेची, दुसऱ्या दिवशीवर ढकललेली. बाकी काय काय झालं होतं? पाठ्यपुस्तक मागणी, खूण. गणवेश माहिती, खूण. आधार दुरुस्ती, खूण. पोषण आहार तांदूळ साठा, खूण. शाळा व्यवस्थापन समितीचं इतिवृत्त, वृक्षारोपणाचे फोटो, शिष्यवृत्तीच्या खात्यांची यादी, सगळीकडे खूण. मी एक दिवससुद्धा रिकामी बसले नव्हते. घरी परीक्षेचे पेपर, माहितीचे तक्ते, सगळं घेऊन जात होते. अडीच महिने मी झटून काम केलं, आणि एवढ्या अडीच महिन्यांत त्या तीन मुलांना माझी सलग वीस मिनिटं मिळाली नव्हती.

असं का झालं याचा मी पुष्कळ विचार केला. आळस नव्हता. विसरही पडला नव्हता, रोज लिहीत होते ना! मग लक्षात आलं की खूण झालेल्या प्रत्येक कामामागे एक विचारणारा माणूस होता. तांदळाचा साठा केंद्रप्रमुख विचारतात. फोटो ग्रुपवर मागतात. समितीचं इतिवृत्त तपासणीत बघतात. 'वाचन – तिघे' हे एकच काम असं होतं की ज्याची विचारणा करणारा कोणीच नव्हता. मुलं तर विचारणारच नाहीत, उलट राहिलं तर त्यांना बरंच वाटतं. पालकांना कल्पना नाही. साहेबांना टक्केवारी हवी असते, आणि टक्केवारीत तीन मुलं कुठेही मावतात.

मला वाटतं, आपण बहुतेक सगळे जण कामांचा क्रम असाच लावतो, फक्त कबूल करत नाही. काम किती महत्त्वाचं यावर नाही, तर नाही झालं तर कोण बोलेल यावर. जो लवकर आणि मोठ्याने बोलेल त्याचं काम आधी. घरातही हेच. गॅस संपला की लगेच बोंब होते म्हणून सिलिंडर वेळेवर येतो, पण सासऱ्यांच्या डोळ्यांची तपासणी ते स्वतः बोलत नाहीत म्हणून सहा-सहा महिने राहते.

प्रशिक्षणात आपल्याला वेळेचं नियोजन शिकवतात, नाही असं नाही. काचेच्या बरणीची गोष्ट तुम्ही सगळ्यांनी ऐकली असेल. आधी मोठे दगड टाका, मग खडे, मग वाळू, म्हणजे सगळं बसतं. मी ही गोष्ट तीन वेगवेगळ्या प्रशिक्षणांत, तीन वेगवेगळ्या साधनव्यक्तींकडून ऐकली आहे, आणि एकदा मीच सांगितली आहे. गोष्ट छान आहे. पण तिथे बरणी रिकामी असते आणि दगड उचलणारा हात आपला असतो. शाळेत सकाळी साडेदहाला आपण झाकण उघडतो तेव्हा कोणीतरी आधीच अर्धी वाळू भरून ठेवलेली असते.

दुसरा तो आयझेनहॉवर यांच्या नावाने चालणारा चार चौकटींचा तक्ता. तातडीचं आणि महत्त्वाचं असेल ते लगेच करा. महत्त्वाचं पण तातडीचं नसेल त्याला वेळ ठरवून द्या. तातडीचं पण महत्त्वाचं नसेल ते दुसऱ्यावर सोपवा. आणि दोन्ही नसेल ते सोडून द्या. स्टीफन कोवी यांच्या १९८९ च्या पुस्तकामुळे हा विचार जगभर पोचला. तक्ता खोटा नाही. दुसरी चौकट तर सोन्यासारखी आहे, माझी तिन्ही मुलं त्याच चौकटीत बसलेली होती. पण तिसऱ्या चौकटीपाशी मी नेहमी अडते. दुसऱ्यावर सोपवा, म्हणजे कोणावर? आमच्या शाळेत कारकून नाही, शिपाई नाही. सरांवर सोपवावं तर त्यांच्याकडे पहिलीची मुलं आहेत. ज्यांच्या हाताखाली चार माणसं आहेत त्यांच्यासाठीचा सल्ला जसाच्या तसा द्विशिक्षकी शाळेत आणला की आपल्याला उगाच वाटत राहतं की चूक आपलीच आहे.

म्हणून मी दोन प्रश्नांवर आले. यादीतल्या प्रत्येक कामापुढे मनातल्या मनात विचारायचं : हे आज राहिलं तर मला कोण बोलेल? आणि हे आज राहिलं तर नुकसान कोणाचं? दोन्ही उत्तरं एकच असतील तर ते काम आपोआप होतं, त्याची काळजी नको. पहिल्याचं उत्तर 'कोणीच नाही' आणि दुसऱ्याचं उत्तर 'मुलाचं' असेल, तर ते काम दिवसाच्या सुरुवातीला, फोन बघायच्या आधी. माझं नियोजन म्हणजे एवढंच. बाकीची यादी पूर्वीसारखीच आहे.

एक हिशेब करून बघा. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन सांगितलं आहे. म्हणजे सरासरी दिवसाला चार तास. आता ग्रुपवरच्या माहितीपायी वर्गातली रोज फक्त ४० मिनिटं गेली असं धरू. माझी तर जास्तच जात होती. दोनशे दिवसांची झाली ८००० मिनिटं, म्हणजे १३३ तास. चार तासांच्या दिवसाने भागलं तर तेहतीस दिवस. एक महिन्याहून जास्त शाळा कोणतीही सुट्टी जाहीर न होता बंद राहिली! आणि गंमत म्हणजे हजेरीपटावर मी रोज हजर.

आता प्रत्यक्षात काय केलं ते सांगते, कारण सांगायला सोपं आणि करायला किचकट आहे.

पहिल्या आठवड्यात ठरवलं, परिपाठानंतर ४५ मिनिटं त्या तिघांची. तिसऱ्या दिवशीच मोडलं. बाकीच्या मुलांना तेवढा वेळ एकट्याने बसवत नाही. मग २५ मिनिटांवर आले. तेवढ्या वेळात तिसरी-चौथीची बाकी मुलं गटात पाढे आणि शुद्धलेखन करतात, गटप्रमुख तपासतो. गोंगाट होतो, होऊ दे. त्या २५ मिनिटांत धड्याचं पुस्तक नाही. एसटीच्या पाट्या, दुकानाच्या पाट्या, बिस्किटाच्या पुड्यावरची अक्षरं, रेशनकार्डावरचं स्वतःचं नाव. पाठ असलेलं काहीच समोर ठेवायचं नाही, हा माझा नियम, कशामुळे ते तुम्हाला कळलंच असेल.

मोबाईल कपाटात. मधल्या सुट्टीत एकदा आणि शाळा सुटल्यावर एकदा बघायचा. यावर पहिल्याच आठवड्यात फोन आला, "मॅडम, सगळ्या शाळांची माहिती आली, तुमचीच राहिली." पोटात गोळा आलाच. खुलासा मागतील की काय ही भीती आपल्या सगळ्यांच्या मनात घर करून असते. पण मी सांगितलं, "सर, मी दीड वाजता आणि पाच वाजता मेसेज बघते. खरंच अडलेलं असेल तर फोन करा, मी उचलीन." ते कुरकुरले. तरी फोन महिन्यातून दोन-तीनदाच आले. याचा अर्थ बाकीचं सगळं 'अत्यंत तातडीचं' दीड वाजेपर्यंत थांबू शकत होतं. सरांनी आणि मी पुढे वार वाटून घेतले. ज्या दिवशी फोन त्यांच्याकडे त्या दिवशी मला सकाळी कपाटाकडे बघायची गरज नाही, आणि उलट.

आणखी एका गोष्टीने फार वेळ वाचला. वर्षभरात आपल्याकडे मागितल्या जाणाऱ्या माहितीतली बरीचशी तीच ती असते. इयत्तावार पट, मुले-मुली, प्रवर्गनिहाय संख्या, यूडायस क्रमांक, खोल्या, स्वच्छतागृह, नळ, वीजमीटर क्रमांक, बँक खातं. दर वेळी आपण कपाट उघडतो, रजिस्टर काढतो, मोजतो. मी एका वहीच्या पहिल्या दोन पानांवर हे सगळं लिहून ठेवलं आणि महिन्याच्या पहिल्या शनिवारी तेवढं दुरुस्त करते. अर्ध्या तासाचं काम पाच मिनिटांवर आलं. यात काही मोठी अक्कल नाही, पण हे मी बारा वर्षं केलं नव्हतं.

वेळेचा अंदाज हा मात्र वेगळाच प्रकार. डायरीत मी कामापुढे मिनिटं लिहायला लागले, आधी अंदाज आणि नंतर खरा लागलेला वेळ. पोषण आहाराच्या नोंदी, अंदाज १० मिनिटं, लागली २५. वह्या तपासणे, अंदाज ३०, लागली ५५. एकही काम अंदाजापेक्षा लवकर झालं नाही, अपवाद फक्त डबा खाण्याचा. मला वाटलं माझ्यातच काही कमी आहे. पण मानसशास्त्रात हा जुना विषय आहे. १९९४ मध्ये बुहलर, ग्रिफिन आणि रॉस या संशोधकांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना विचारलं, किती दिवसांत पूर्ण होईल? सरासरी अंदाज सुमारे ३४ दिवसांचा आला. प्रत्यक्षात लागले सरासरी ५५ च्या वर. आधीची कामं किती लांबली होती हे माणसाला माहीत असतं, तरी या वेळी तसं होणार नाही असं त्याला वाटतं. शाळेत वीज जाते, रेंज जाते, कोणाचं तरी डोकं फुटतं, कोणीतरी दाखला मागायला येतं. म्हणून माझ्या दिवसाच्या पानावर आता तीनच्या पुढचा जवळजवळ एक तास मी काहीच लिहीत नाही. तो आपोआप भरतो.

आता पालकांशी बोलते.

घराघरांत भिंतीवर अभ्यासाचं वेळापत्रक चिकटवलेलं मी बघते. सकाळी ५ ते ६ पाठांतर, ६ ते ७ गणित, रंगीत स्केचपेनने आखलेलं. बहुतेक ते आईने किंवा मोठ्या भावाने केलेलं असतं. दोन दिवस चालतं, तिसऱ्या दिवशी मूल उठत नाही, चौथ्या दिवशी मार खातं, आणि वेळापत्रक पुढच्या दिवाळीच्या रंगकामापर्यंत भिंतीवर राहतं. नऊ-दहा वर्षांच्या मुलाला तासाचा अंदाज नसतो हो. त्याला विचारून बघा, दहा गुणाकार करायला किती वेळ लागेल? मी वर्गात विचारलं. कोणी म्हणालं दोन मिनिटं, कोणी म्हणालं दोन तास. मग घड्याळ लावून केले. बहुतेकांना अकरा ते पंधरा मिनिटं लागली. 'दोन तास' म्हणणारा मुलगा बारा मिनिटांत मोकळा झाला आणि त्याचा त्यालाच विश्वास बसेना. हा मुलगा घरी अभ्यासाला बसायला रोज रडायचा, त्याला समोर दोन तासांचा डोंगर दिसायचा! भिंतीवरच्या वेळापत्रकापेक्षा हा एक प्रयोग घरी करा. कुकरच्या शिट्ट्यांवर केला तरी चालेल.

आणि मुलाला संध्याकाळची तीनच कामं त्याच्या हाताने लिहू द्या. क्रम त्याचा तो लावू दे. पहिल्यांदा तो चित्र रंगवणं आधी घेईल आणि गणित राहील. राहू दे, दुसऱ्या दिवशी वर्गात मी आहे. क्रम चुकला की काय होतं हे त्याला चौथीत कळलेलं स्वस्त पडतं, बारावीत महाग.

विचारणा होत नाही ते राहतं, हे घरातही तितकंच खरं आहे. शिकवणीचे सर विचारतात म्हणून शिकवणीचा गृहपाठ होतो. शिष्यवृत्ती परीक्षा, नवोदय, यांचे सराव संच होतात, कारण त्यांचे गुण येतात आणि गुण सगळे विचारतात. मुलाने तुम्हाला मोठ्याने एक पान वाचून दाखवणं, आजोबांना पेपरमधली बातमी वाचून दाखवणं, नुसतं खेळणं, नऊ तास झोपणं, यांची विचारणा कोणी करत नाही, म्हणून वेळ कमी पडला की सगळ्यात आधी यांचाच बळी जातो. पहाटे साडेचारला उठवलेली मुलं माझ्या वर्गात अकरा वाजता डोळे उघडे ठेवून झोपतात. त्यांचा पहाटेचा तास मी वर्गात फेडते.

ज्यांच्या घरी शेतीची घाई आहे, ज्वारीची काढणी आहे, त्या आयांना मी काही नियोजन शिकवायला जात नाही. चार वाजता उठून पाणी, भाकरी, धार, धुणं आणि आठला रानात, यात क्रम चुकवण्याची सोयच नाही. त्यांना मी एवढंच सांगते की भाकऱ्या थापताना पोरीला शेजारी बसवा आणि पिशवीवर काय लिहिलंय ते वाचून दाखव म्हणा. तुम्हाला वाचता येत नसलं तरी चालतं, ती अडखळली की तुम्हाला ऐकू येईलच.

काही शिक्षक मित्र यावर चिडतात, आणि त्यांचं चिडणं मला पटतं. एक सर म्हणाले, "मॅडम, चार माणसांचं काम एकावर टाकायचं आणि वर त्यालाच नियोजन शिकवायचं, हे कुठलं न्याय?" बरोबर आहे. चौदा तातडीची कामं एका दिवसात बसत नाहीत, ती कोणत्याही रंगाच्या पेनाने लिहिली तरी. शिक्षण हक्क कायद्याचं कलम २७ सांगतं की जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून शिक्षकाला अशैक्षणिक कामाला नेमता येणार नाही. पण ग्रुपवर मागितलेली माहिती कोणाला 'नेमणूक' वाटतच नाही. त्याच कायद्याच्या परिशिष्टात शिक्षकाच्या आठवड्याच्या ४५ तासांत अध्यापनाबरोबर पूर्वतयारीही धरलेली आहे. पूर्वतयारीचा तास शेवटचा कधी मिळाला ते आठवून बघा. हे सगळं संघटनेत, शिक्षण परिषदेत बोललंच पाहिजे, आणि मी बोलते. फक्त ते सुटेपर्यंत चौथीचं वर्ष थांबत नाही, एवढंच माझं त्या सरांना म्हणणं होतं. ते हसले आणि म्हणाले, "तुमच्या दोन पानांच्या वहीचा फोटो पाठवा."

ती मुलगी डिसेंबरात काना-मात्रांतून बाहेर पडली. मार्चमध्ये पुस्तकाबाहेरची एक छोटी गोष्ट तिने बोट ठेवून वाचली, सात मिनिटं लागली. आता शेजारच्या गावात पाचवीला आहे. जोडाक्षराला अजून अडखळते, असं तिथल्या बाई सांगतात. दुसरा मुलगाही बऱ्यापैकी वाचायला लागला.

तिसऱ्याबद्दल सांगायला मला जड जातं. त्याचे आईवडील ऊसतोडीला कोल्हापूरकडे जातात. दिवाळीची सुट्टी लागली आणि तो त्यांच्याबरोबर गेला. माझी २५ मिनिटं सुरू झाली सप्टेंबरच्या मध्याला. तो हाताशी होता जून, जुलै, ऑगस्ट. ती सगळी पानं माझ्या डायरीत आहेत, 'वाचन – तिघे' असं लिहिलेली. एप्रिलमध्ये तो परत आला तेव्हा सुटी अक्षरंसुद्धा पुसट झाली होती, आणि चौथी संपली होती.

या वर्षी माझ्या वर्गात अशी दोन मुलं आहेत. त्यातल्या एकाचं घर दिवाळीनंतर उसाला जाणार आहे. म्हणून सकाळच्या २५ मिनिटांतली पहिली पंधरा सध्या त्याची एकट्याची आहेत.